भूल चढत न्हाई

"एक शब्द जरी बोललास ना भिव्या, जीभ हासडून तुह्याच हातात देईन!"

कडूबाकाकानं माही गच्ची धरून मला भितीला चेपलं व्हतं. जालन्याच्या दवाखान्यात, आपरेशनच्या खोलीभाईर. दिवस डोक्यावर आल्ता. काकाच्या धोतराला, मायच्या लुगड्याला, माह्या सदऱ्याला, समद्याला माह्या बाचं रगात लागेल व्हतं. आन दाराच्या आतून बा वरडून राह्यला व्हता. मानसासारखा न्हाई, चुन्याच्या भट्टीत पडलेल्या म्हशीसारखा.

"त्याला भूल चढत न्हाई," मी म्हनलो. "सांगू दे मला. न्हाईतर मरंल तो."

"मरू दे. इज्जतीनं मरंल."

"इज्जत तुही का त्याची?"

काकानं ठिवून देली मुस्काटात. व्हट दातात सापडला. मी गुडघा उचलून त्याच्या जांघेत हानला. तो खाली बसला, बसल्या बसल्या माहा पाय धरला, मी बी आदळलो. माय आमच्या दोघाच्या मधी येऊन नुसती म्हनत व्हती, "आरं दवाखाना हाय, आरं दवाखाना हाय."

येवढं सगळं एका सवालावरून.

सवाल इचारला व्हता शरयूबाईनं. ती भूल देनारी डॉक्टरीन. काटकुळी, चष्मा, पदर कमरंला खोचलेला. बाला लाकडी बाकावर घातलं तसं ती आली, त्याच्या डोळ्याची पापनी खाली वढली, नाडी धरली आन इचारत गेली. जेवला कधी. दम लागतो का. याच्याआधी कापाकापी झाली का. आन मंग, "दारू पितात का?"

काकानं छाती काढली. "बाई, माहा भाऊ अप्पाराव दर आइतवारी विहारात उभा राह्यतो आन अख्ख्या वस्तीला पंचशील देतो. पाचवं शील कोन्तं, कोन्या बी पोराला इचारा. दारूच्या थेंबाला शिवनार न्हाई. तो देतो आन लोक घेतेत."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाई."

बाई वाकली, बाच्या तोंडाचा वास घेतला. वास येनार न्हव्हताच. तिनं मायकडं पाह्यलं. मायच्या डाव्या डोळ्यावर लिंबायेवढं टेंगूळ आन गालावर निळा वळ. "बैलानं यांनाही मारलं का?" बाई म्हनली.

काका म्हनला, "सोडवायला गेल्ती."

"बाई, तुम्ही सांगा. पितात?"

मायनं फरशीकडं पाहून सांगलं, "न्हाई पीत."

मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. "तू मुलगा ना? हे बघ, रोज पिणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागतं, वेगळं लागतं. म्हणून विचारतेय. दुसऱ्या कशासाठी नाही."

मी बी मुंडी हालवली. न्हाई.

मी काई काकाला भेलो न्हव्हतो. मी हालवली कारन बाटली भाईर आली का सकाळ भाईर येनार व्हती.

बा पितो. रोज पितो. बहात्तरचा दुस्काळ सरला त्याच्या कितीतरी आधीपसून. आइतवारी विहारात पांढरं धोतर नेसून उभा राह्यतो, आवाज असा का लेकरं बी रडायची थांबतेत. चवथं शील, खोटं बोलनार न्हाई. पाचवं शील, दारू पिनार न्हाई. बाया, मानसं, म्हातारे त्याच्या मागं म्हनतेत. मंग घरी येतो, दार लावतो आन रांजनाच्या मागची बाटली काढतो. प्याल्यावर कोनाला दिसत न्हाई, भाईर निघत न्हाई. मायला मारतो ते बी दार लावून, आन तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबून. मी आठवीत शाळा सोडली ती याच्यामुळंच. मास्तर म्हनला, तुह्या बापासारखा व्हय. मी पाटी फेकून मास्तराचं डोस्कं फोडलं.

त्या दिवशी सकाळी मायनं बाटली उकिरड्यावर वतली. कामून वतली ते तिनं आजूक सांगलं न्हाई. बा उठला, रांजनामागं हात घातला, मोकळा हात भाईर काढला. हात कसा थरथरून राह्यला व्हता ते मी पाह्यलं. "कुठंय?" म्हनला. माय गोठ्यात गाडीवर कडबा रचत व्हती. हा चढला गाडीवर. आसूडाच्या दांड्यानं पयला तडाखा डोळ्यावर, दुसरा गालावर. माय कडब्यावर पडली, हा वरून तिच्या बरगडीत लाथा घालून राह्यला, आन हर लाथंला एकच, "कुठंय? कुठं ठिवली?"

मी धावत आलो आन त्याचा पाय धरून वढला.

नुसता पाय वढला. जोरात वढला. मला त्याला पाडायचंच व्हतं.

गाडीच्या दोन्ही बाजूनं कडबा आडवायला उभे खुंटे असतेत, वरून टोकदार. तो निसटून खाली आला ते बसल्यासारखा आला, आन खुंट्यावर बसला. खुंटा त्याच्या बुडातून वर शिरला. आवाज आला, कलिंगड फुटल्यासारखा. त्याचं तोंड वासलं. डोळे तेवढे मोठे. मी आन मायनं त्याला काखेत हात घालून वर उचललं तव्हा खुंटा लाल निघाला आन त्याच्यामागून आदी घान, मंग रगात, मंग दोन्ही.

काका शेजारून पळत आला. त्यानं काय इचारलं न्हाई, पाहूनच वळखलं. हातानं रगात घेतलं आन आमच्या पोवळ्या बैलाच्या शिंगाला फासलं. बैल बिचारा रवंथ करून राह्यला व्हता. काका म्हनला, "बैलानं मारलं. समजलं का भिव्या? बैलानं. न्हाईतर औरंगाबादच्या पोरांच्या जेलात सडशील, आन ह्याचं नाव गेलं ते वायलंच." मंग हसनाबादच्या फाट्यावर कापसाचा ट्रक आडवला. राजूर ते जालना बा कापसावर पडून आला. त्याच्या खालचा कापूस आदी गुलाबी झाला, मंग काळा.

दवाखान्यात भालचंद्र डॉक्टरनं, म्हंजे कापनाऱ्यानं, पाहून सांगलं, खालचं आतडं फाटलंय, घान पोटात सांडलीय, आत्ताच्या आत्ता उघडावं लागंल. कागद आनला. काकाला थोडं थोडं वाचता येतं. त्यानं बोट ठिवून वाचलं, "भूल... देण्यास... माझी संमती आहे," आन कागद मागं सारला.

"आम्ही काई भूल केली न्हाई. बैलानं मारलं. आम्ही काहून सही करावी?"

"अहो, चूक नाही. भूल म्हणजे बेशुद्ध करायचं औषध."

"मंग तसं लिव्हा ना. भूल कामून लिव्हलं?"

तिकडं बाचं रगात बाकावरून टपटप पडून राह्यलं आन हा शब्दाला अडलेला. शेवटी मायनं आंगठा उठवला. तिचा आंगठा बाच्याच रगातानं वला व्हता, शाईच लागली न्हाई.

बाला आत नेलं. दाराच्या काचंला पांढरा रंग फासेल व्हता, पर एका कोपऱ्यात खरडलेलं, चवलीचं नानं मावंल येवढं. मी डोळा लावला. शरयूबाईनं बाच्या तोंडावर जाळीचा पेला ठिवला, त्याच्यावर कापडाची घडी, आन बाटलीतून थेंब थेंब टाकून राह्यली. गोडसर, नाकात झोंबनारा वास दाराखालून आमच्यापर्यंत आला. बानं हात झाडले. आतले म्हनले, सुरवातीला झाडतेत. मंग निपचित पडला. भालचंद्र डॉक्टरनं पोटावर सुरी वढली.

आन बा वरडला.

तव्हाच मी म्हनलो का मी सांगतो, आन काकानं माही गच्ची धरली.

आम्ही फरशीवर लोळून राह्यलो व्हतो तव्हा दार धाडकन उघडलं. शरयूबाई. चष्म्याची एक काच तडकलेली, नाकातून रगात व्हटावर. तिच्या मागं मला सगळं दिसलं. बा टेबलावर निम्मा उठून बसला व्हता. एक पट्टा तुटून लोंबत व्हता. दोन वॉर्डबॉय त्याच्या खांद्यावर पडलेले, तिसरा भिताडाला टेकून पोट धरून. बाचं पोट बेंबीखालून उघडं, चिमट्यांनी दोन्हीकडं वढलेलं, आन भालचंद्र डॉक्टर दोन्ही हातानं वला टावेल दाबून आतडं भाईर येऊ देत न्हव्हता. बाचे डोळे सताड उघडे, पर बघत कोनाकडंच न्हव्हते.

"कुठंय?" बा वरडला. "कुठं ठिवली?"

"काय मागतोय हा?" बाई आमच्यावर खेकसली. "तिप्पट औषध गेलंय. भूल चढत नाही. हा अर्ध्या भुलीत आहे, याला सगळं कळतंय! काय मागतोय?"

काका फरशीवरून म्हनला, "पुस्तक. वंदनंचं पुस्तक मागून राह्यला, बाई."

खरं सांगतो, मला हसू आलं. रगात भरलेल्या तोंडानं मी हासलो. आन मंग म्हनलो, "बाटली मागतो. पितो त्यो. मी मघा खोटं बोललो."

काका झेपावला. या टायमाला मी उठून उभा व्हतो. डोळे झाकून मी त्याच्या तोंडावर बुक्की घातली, माह्या बोटाच्या सांध्यात त्याचा दात रुतला. आजूक तिथं पिकलंय.

"नंतर भांडा!" बाईनं माहं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार, पर हालत न्हव्हता. "किती पितो?"

"बाटलीभर. हातभट्टीची."

"रोज?"

"रोज. सातआठ वर्सं झाली."

"शेवटची?"

"काल सांजच्याला. आज मायनं वतून टाकली."

"म्हणून हात थरथरत होते," ती सोताशीच बोलल्यावानी बोलली. "मी म्हटलं रक्त गेलंय म्हणून." आन दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "पेला काढा. शिरेतून देते. नळी आणा, जल्दी!" ती ब्राह्मनाची बाई, पर जल्दी म्हनली, आमच्यासारखं.

बा आजूक दोनदा वरडला. मंग आवाज खाली गेला, खाली गेला, आन मोटंचं पानी सपल्यासारखा थांबला. माय भितीला टेकून खाली घसरली. तिला वाटलं मेला. मला बी वाटलं. काका दात थुंकला, फरशीवर पाह्यला, आन उचलून खिशात घातला.

तीन तासानं भालचंद्र डॉक्टर भाईर आला. बा जित्ता व्हता. फाटलं ते शिवलं, आन वरचं आतडं डाव्या कुशीतून भाईर काढलं. आता काही महिने त्याची झाड्याची वाट पोटातूनच. मंग डॉक्टरनं एक लोखंडी वाटी पुढं केली. वाटीत बोटायेवढी लाकडाची ढलपी. तिच्या एका बाजूला निळा रंग.

"हे आत सापडलं," डॉक्टर म्हनला. "बैलाच्या शिंगाला लाकूड कधीपासून यायला लागलं?"

काका म्हनला, "पोळ्याला शिंगं रंगवतेत डॉक्टरसाहेब."

"लाकडानं?"

मी वळखला तो रंग. पोळ्याला मीच गाडी रंगवल्ती. बा मागं उभा राहून सांगत व्हता, खुंट्याच्या टोकाला दोन हात मार, पावसात कुजत न्हाई. डॉक्टर म्हनला, "पोलिसाला कळवावं लागेल." मायनं माह्या दंडाला धरलं ते सांजपस्तोर सोडलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी बाला दारूची तलफ चढली. शरयूबाईनं आधीच सांगून ठिवल्तं, चढनार हाय, औषध तयार ठेवा. बाला मुंग्या दिसायला लागल्या. पोटातून भाईर काढलेल्या आतड्यातून मुंग्या निघतेत म्हनायचा आन ते उपटायला हात घालायचा. त्याला बांधून घातलं. पुष्पाबाई नर्स येऊन दंडात गुंगीचं टोचायची, मंग येगळी सुई दुखन्यासाठी. ती सुई सहा तासाला एक. पाचव्या तासाला बा दातानं खाटंचा गज चावायचा. गजाचा रंग निघालाय तिथं. शिव्या द्यायचा, मायला, मला, शरयूबाईला. एकदा बाईच्या तोंडावर थुंकला. तिनं पदरानं पुसलं, त्याची नाडी मोजली आन पुष्पाबाईला म्हनली, "पाच तासाला करा. सहा जमत नाही याला."

तिसऱ्या दिवशी मी बाईला इचारलं, "मी सांगलं नसतं तर?"

"तर टेबलावरच गेला असता. नाहीतर काल, तलफ चढली तेव्हा." येवढंच म्हनून ती दुसऱ्या खाटंकडं गेली. मला वाटलं पाठीवर हात ठिवंल. न्हाई ठिवला. मला राग आला. मंग वाटलं, मी बी पयल्यांदा न्हाईच म्हनलो व्हतो की.

आज पाचवा दिवस. बा शुद्धीवर हाय. दुपारी बाराला हवालदार आला, कागद, कारबन, पेन्सील घेऊन. पुष्पाबाई तव्हाच सुई घेऊन आल्ती, टाइम झाल्ता. बाचा चेहरा राखंसारखा, कपाळावरून घामाच्या धारा. तरी म्हनला, "सुई मागून, बाई. सुई घेतली का जीभ जड पडती. आधी ह्यांना लिव्हू द्या."

"अहो, सहन होणार नाही."

"व्हईल."

काका खाटंपाशी, माय पायथ्याशी, मी खिडकीत. बानं बोलायला सुरवात केली. तोच आवाज, विहारातला, पर फाटलेला. म्हनला, मी आठ वर्सं पितो. पंचशील देऊन घरी येतो आन पितो. बायकोला मारतो. तोंडात बोळा घालून मारतो. मधीच त्याचं पोट आकडायचं, तो टावेल दातात धरायचा, मान मागं टाकायचा, खाट हालायची. हवालदार पेन्सील थांबवायचा. मंग बा टावेल काढायचा आन पुढचं वाक्य बोलायचा. काका बिनदाताच्या फटीतून म्हनला, "अप्पा, गप, वस्तीत तोंड कसं दाखवायचं?" बा म्हनला, "पोटातून हागतो मी आता, कडूबा. तोंडाचं काय घेऊन बसलास?" काका उठून भाईर गेला. बिडी पेटवायची सुदीक त्याला सुदरली न्हाई.

"बरं. मग पडलात कसे?" हवालदार.

बानं माह्याकडं पाह्यलं.

"गाडीवर व्हतो. मारता मारता तोल गेला. मीच पडलो खुंट्यावर."

"आणि पोरगं?"

"पोरगं रानात व्हतं. मागून आलं. त्याला काई ठावं न्हाई."

हवालदारानं लिव्हलं. म्हनला, चहा पिऊन येतो, पक्कं करून सही घेतो. पुष्पाबाईनं सुई टोचली. बाचे डोळे मिटले.

मी तव्हापसून जिन्याच्या पायरीवर बसलोय. माय येऊन गेली. म्हनली, "गप ऱ्हाय भिवा. तुहा बा देतो ते घे."

तो देतो आन लोक घेतेत. आठ वर्सं घेतलं लोकांनी. म्या काहून घ्यावं? अर्धा तास मानूस दात खाऊन, सुई लांब ठिवून खरं बोलला, येवढं खरं का हवालदाराची पेन्सील दोनदा मोडली, आन शेवटच्या वाक्याला माह्यासाठी खोटं बोलला. त्याच्या आतड्यातली ढलपी काढली डॉक्टरनं. ही दुसरी तो आतच ठिवून शिवून घेनार. आन मी जलमभर त्याच्या म्होरं उभा राह्यलो का त्याच्या डोळ्यात हेच, का पोरा, तुला मी वाचवला. मायला मारनाऱ्यानं मला वाचवला. मला न्हाई पायजे. पाय मी वढला. परत तसंच दिसलं तर परत वढीन. ते लिव्हायला पायजे, माह्या नावानं, सही व्हायच्या आधी. जेलात घालतेत तर घालू दे.

खाली बुटाचा आवाज आला. हवालदार चहा पिऊन वर येऊन राह्यला. मला आता जावं लागतं.